विश्लेषण : हिंगोलीच्या विद्यार्थ्यांना खर्चाचे अ‍ॅप कसे हवे?

मोबाइलवर खर्चाचा हिशेब ठेवणारी अ‍ॅप ढिगाने मिळतात. त्यांपैकी बहुतेक अ‍ॅप सुरुवातीलाच विचारतात : तुमचे मासिक उत्पन्न किती? पगारदार माणूस लगेच आकडा टाकतो. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत खोली करून शिकणारा शेतकऱ्याचा मुलगा तिथेच अडतो. त्याच्याकडे पैसे येतात, पण दरमहा येत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी अ‍ॅप तयार करायचे तर विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

महिन्याचे गणित का चुकते?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. सोयाबीन आणि हळद ही इथली मोठी पिके. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास घरात येतो. हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात जाईपर्यंत मार्च उजाडतो. मधल्या काळात घरून येणारी रक्कम आटते.

दुसरा आधार शिष्यवृत्तीचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार रुपये मिळतात. दिवसाला भागले तर साधारण ११८ रुपये. पण ही रक्कम रोज किंवा दरमहा नव्हे, तर हप्त्याने खात्यात येते. ‘महाडीबीटी’वरून मिळणाऱ्या इतर शिष्यवृत्त्यांचेही तसेच. अर्ज, पडताळणी, मंजुरी असे टप्पे पार पडल्यावरच पैसे जमा होतात.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. इथे अडचण अशी की अंथरूण किती लांब आहे हेच आधी कळत नाही.

मग अ‍ॅपने काय विचारावे?

दोनच गोष्टी : आता हातात किती आहेत, आणि पुढचे पैसे कधी येणार? महिन्याच्या जागी ‘पुढच्या पैशांपर्यंतचे दिवस’ हे माप धरले की हिशेब बदलतो.

समजा, १५ नोव्हेंबरला एका विद्यार्थ्याच्या हातात १८ हजार रुपये आले आणि पुढची रक्कम १५ मार्चला अपेक्षित आहे. म्हणजे १२० दिवस. खोलीभाड्याचा त्याचा वाटा महिन्याला १,२०० रुपये, म्हणजे चार महिन्यांचे ४,८०० बाजूला. परीक्षा शुल्कासाठी १,२०० बाजूला. उरले १२ हजार, म्हणजे दिवसाला १०० रुपये.

आता पैसे महिनाभर उशिरा, १५ एप्रिलला आले तर? एक भाडे वाढते, दिवस १५१ होतात आणि रोजचे १०० रुपये ७१वर येतात. ही शक्यता अ‍ॅपने पहिल्याच दिवशी दाखवली तर विद्यार्थी सुरुवातीपासून हात आखडता घेऊ शकतो. तोच उशीर १५ जानेवारीला समजला आणि तोवर रोज १०० रुपये खर्च झालेले असले, तर उरलेल्या ९० दिवसांसाठी रोजचे जेमतेम ५२ रुपये राहतात.

म्हणून पडद्यावर ठळक आकडे दोनच हवेत : ‘आज इतके चालतील’ आणि ‘उशीर झाला तर इतके’. रंगीत गोल आलेख आणि खर्चाचे पंचवीस प्रकार नंतर पाहता येतील.

नोंद कोणी करायची?

बरीच अ‍ॅप बँकेचे एसएमएस वाचून आपोआप नोंद करतात. सोय मोठी, पण इथे ती अपुरी पडते. चहा, झेरॉक्स, रिक्षा, भाजी यांत रोखीचा वाटा आहेच. शिवाय ‘यूपीआय लाइट’मधून केलेले छोटे व्यवहार पासबुकात एकेक करून दिसत नाहीत, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम तेवढी दिसते. म्हणजे ज्या लहान खर्चांनी खिसा रिकामा होतो, नेमके तेच निसटतात.

दुसरी अडचण खासगीपणाची. एसएमएस वाचण्याची परवानगी दिली की बँकेच्या निरोपांसोबत ओटीपी आणि घरचे निरोपही त्या अ‍ॅपच्या आवाक्यात येतात. रोजचा हिशेब ठेवण्यासाठी ही किंमत फार आहे.

‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ ही ग्राहकाच्या संमतीने बँकेची माहिती देणारी व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत २०२१पासून सुरू आहे. मात्र तिच्यातून माहिती घेणारी संस्था वित्तीय नियामकाच्या देखरेखीखालची असावी लागते. महाविद्यालयातील मुलांनी तयार केलेल्या अ‍ॅपला तो रस्ता थेट खुला नाही.

राहतो जुना मार्ग : हाताने नोंद. ती रकमेचा आकडा आणि एक चिन्ह इतक्यात उरकली पाहिजे. नेट नसताना चालली पाहिजे आणि सगळा हिशेब फोनमध्येच राहिला पाहिजे. नाव, मोबाइल क्रमांक, लॉगइन यांतले काहीही मागण्याची गरज नाही. चार दिवस नोंद राहिली तर अ‍ॅपने रागे भरू नये. ‘आता हातात किती आहेत?’ एवढे विचारून पुढचा हिशेब नव्याने मांडावा.

उधारी कुठे लिहायची?

बाहेरच्या धर्तीवर बेतलेल्या अ‍ॅपमध्ये क्रेडिट कार्डाला जागा असते, मेसच्या खात्याला नसते. इथल्या विद्यार्थ्याची उधारी मेसवाल्याकडे, किराणा दुकानात आणि रूम पार्टनरकडे असते. गॅस एकाने भरला, वीजबिल दुसऱ्याने, मग महिनाअखेरीस कॉन्ट्रीवरून कुरबूर. ‘देणे’ आणि ‘येणे’ असे दोन रकाने या अ‍ॅपमध्ये आधीपासून हवेत आणि देण्याची रक्कम रोजच्या आकड्यातून वजा झाली पाहिजे. नाहीतर हातात दिसणारे पैसे आपलेच वाटतात.

घरून येणारे धान्य आणि एसटीने येणारा डबा यांचाही विचार हवा. डबा येणारे दिवस आणि मेसचे दिवस वेगळे धरले तरच ‘आजचा’ आकडा खरा ठरेल. शब्दही ओळखीचे असावेत : आले, गेले, उरले, उधारी.

फुकटच्या अ‍ॅपचे पुढे काय होते?

अमेरिकेत २००७मध्ये सुरू झालेले ‘मिंट’ हे या प्रकारातले गाजलेले अ‍ॅप. ‘इंट्युट’ने ते २००९मध्ये घेतले आणि मार्च २०२४मध्ये बंद केले. भारतात २०१४मध्ये आलेले ‘वॉलनट’ एसएमएस वाचून खर्च मांडत असे. कर्ज देणाऱ्या ‘कॅपिटल फ्लोट’ने २०१८मध्ये ते विकत घेतले आणि पुढे ‘अ‍ॅक्सिओ’ या नावाखाली खर्चाची नोंद आणि उधारीची सेवा एकाच छत्राखाली आल्या. यात बेकायदा काही नाही. नुसत्या हिशेबातून कमाई होणे अवघड असते.

पण विद्यार्थ्याच्या बाबतीत धोका इथेच आहे. खिसा रिकामा झाल्याचे ज्या पडद्यावर कळते, त्याच पडद्यावर ‘झटपट कर्ज’ असे बटण आले तर ते दाबले जाणारच. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी फोनमधील संपर्क, कॉलची नोंद आणि फाइल यांना हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत बजावले. नियमाबाहेरची अ‍ॅप ते पाळत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांच्या अ‍ॅपमध्ये कर्ज आणि जाहिरात दोन्ही नसावीत. पैसे कमी पडताना दिसले तर त्याने भाडे पुढे ढकलण्याबाबत घरमालकाशी बोलण्याची किंवा महाविद्यालयात शुल्काच्या हप्त्यांची चौकशी करण्याची आठवण आधीच द्यावी.

हे अ‍ॅप करणार कोण?

जिल्ह्यातली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प करावा लागतो. हिंगोलीचे आदर्श महाविद्यालय असो की वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय, संगणक आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनी मिळून असा प्रकल्प हाती घेण्यासारखा आहे. फोनमध्येच चालणाऱ्या अ‍ॅपला सर्व्हरचा खर्च जवळपास लागत नाही. आधी वीस-पंचवीस मुलांच्या वह्यांतला एका सत्राचा खर्च पाहावा, कागदावर पडदे काढून त्यांना दाखवावेत आणि मगच कोड लिहावा.

अ‍ॅपने काय होणार नाही?

अ‍ॅपमुळे उत्पन्न वाढत नाही. रोज ५२ रुपयांत भागवा, असे सांगणे म्हणजे मदत नव्हे. शिष्यवृत्ती रखडली तर तो विद्यार्थ्याच्या उधळपट्टीचा दोष नाही आणि खर्चाचे अ‍ॅप हाती देऊन ती जबाबदारी त्याच्यावर ढकलता येणार नाही.

उलट या सगळ्या हिशेबाचा पाया असलेली गोष्ट, म्हणजे पैसे जमा होण्याची तारीख, विद्यार्थ्याच्या हातात नाहीच. ती समाजकल्याण कार्यालय आणि महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाला सांगता येते. कोणत्या योजनेचे अर्ज कोणत्या टप्प्यावर आहेत आणि हप्ता साधारण कधी अपेक्षित आहे, एवढे दर पंधरवड्याला सूचना फलकावर आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला वेगळा निधी लागत नाही. तारीख पुढे गेली तर तेही सांगावे. नोव्हेंबरात कळलेला उशीर काटकसरीने निभावता येतो. मार्चमध्ये कळला तर उसनवारी करणे किंवा खोली सोडून गावी परतणे एवढेच उरते.

अ‍ॅप तयार करणे हे मुलांचे काम. त्यात भरायची तारीख देणे हे कार्यालयांचे, आणि त्यासाठी अ‍ॅप तयार होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.