ओट्याभोवती उभं कोण राहणार?

किचन आयलंड ही आपल्या टू बीएचके घरांत शिरलेली सगळ्यात महागडी थाप आहे. दिसायला छान असते, मान्य. माझं भांडण तिच्या दिसण्याशी नाहीच.

शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शनला आहे. लाईनवर साधं टेबल बसवायचं असलं तरी आमच्याकडे आधी त्यावर काम करणाऱ्या माणसाला उभं करून बघतात. कोपर किती उंचीवर येतं, हात कुठवर पोचतो, पार्ट उचलायला किती पावलं पडतात. हे प्रेमापोटी होत नाही. पाठ दुखली की उत्पादन घटतं, म्हणून होतं.

तिथून दहा मिनिटांवर, जालना रोडलगतच्या आमच्या फ्लॅटमध्ये किचनचं काम निघालं. इंटिरियरवाला, बाबा आणि भाऊ लॅपटॉपवर थ्रीडी चित्र बघत बसले. त्या घरात तीस वर्षं स्वयंपाक करणारी आई तेव्हा त्यांच्यासाठी चहा टाकत होती. चित्रात मधोमध आयलंड, वर लटकणारे तीन दिवे, उंच स्टुलं आणि बशीत लिंबं. रीलमध्ये तुम्हीही हेच बघितलं असणार. कुकर नाही, परात नाही, पाण्याचं पिंप तर नाहीच.

साधी बेरीज करू. ओटा दोन फूट, त्यापुढे वावरायला तीन फूट, आयलंड दोन फूट, पलीकडे पुन्हा तीन फूट. झाले दहा. आमचं किचन आठ बाय दहा, आणि ओटा लांब भिंतीला, म्हणजे हाताशी आठच फूट. यावर उपाय काय, तर हॉलची भिंत पाडा! मग मिरचीचा ठसका थेट सोफ्यावर. चिमणी छताला टांगायची, तिचा पाईप फॉल्स सीलिंगमधून वळणं घेत बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यायचा. पाईप जितका लांब आणि वळणाचा, तितकी चिमणीची ओढ कमी. गॅसची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब चालत नाही, म्हणून फरशी फोडून तांब्याची लाईन टाकायची. आयलंडवर सिंक हवं असेल तर सांडपाण्याला उतार हवा, म्हणजे फरशी उचलायची. आणि पिंप? धरण उशाला आणि कोरड घशाला असलेल्या या शहरात पिंप कुठे ठेवायचं, हे इंटिरियरवाल्याला सुचलंच नाही. आमच्या सोसायटीत टँकर येतो. बशीतली लिंबं धुवायलाही साठवलेलंच पाणी लागतं.

आता उंची. मॉड्युलरवाले सरसकट चौतीस-पस्तीस इंच देतात. आई पाच फूट. कणीक तिंबायची, भाकरी थापायची म्हणजे वरून जोर द्यायचा, आणि जोराच्या कामाला पृष्ठभाग कोपराच्या बराच खाली लागतो. पस्तीस इंचांवर थापताना ती खांदे उचलते. म्हणून अजूनही ती परात घेऊन खाली बसते आणि गुडघ्यावर हात टेकत उठते. आमच्या लाईनवर असं टेबल एक शिफ्टही टिकलं नसतं.

आयलंडच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे, तो टाळणार नाही. बाई भिंतीकडे तोंड करून एकटी राबते. आयलंडमुळे ती माणसांत येते. एकटेपणाचं दुखणं खरंच जुनं आहे. 1926 साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं. कारखान्यासारखी पावलं मोजून, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या किचनचा धडा घेऊन. अशी सुमारे दहा हजार बसली. कष्ट वाचले, पण त्या खोलीत दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. ही टीका पुढे झाली आणि ती रास्त आहे.

पण आयलंडने काय होतं? पलीकडच्या स्टुलावर जो बसतो, तो मोबाईल बघत चहा मागतो. बाईला प्रेक्षक मिळतात, हात मिळत नाहीत. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका 81.2 टक्के निघाल्या, पुरुष 26.1 टक्के. हा फरक ग्रॅनाईटने बुजणारा नाही. ज्या घरात दोघं स्वयंपाक करतात तिथे जागा असेल तर खुशाल आयलंड करा, माझी हरकत नाही. पण नकाशा त्या दोघांनी काढावा. ज्यांना घरात मोहरीचा डबा कुठे असतो ते सांगता येत नाही, त्यांनी भिंत पाडायचा निर्णय घ्यावा, ही कुठली पद्धत?

मी ऑफिसातून मेजरिंग टेप आणली आणि आईला विचारलं. तिने तीनच गोष्टी सांगितल्या: थापायला खाली ओटा, पिंपाला जागा, आणि भांडी घासणाऱ्याला पंखा. बाबांनी स्टुलांसाठी दोन दिवस किल्ला लढवला. आता खिडकीखाली तीस इंचांवर कडप्पा बसतोय, पिंपाला दरवाजामागे जागा केलीय. सिंक छत्तीस इंचांवर, भावाच्या उंचीचं. वाकून कंबर धरते, ही त्याची सबब होती. पंख्याचा पॉइंट इलेक्ट्रिशियन सोमवारी काढणार आहे.