खलवत, खलबत आणि वीकेंडची 'रिट्रीट'

हापिसच्या ग्रुपवर अधूनमधून एक जाहिरात येते. दोन रात्री, मोबाईल जमा, पहाटे ध्यान आणि खाली रुमीच्या नावावर खपवलेली एक गुळगुळीत ओळ. (ती खरंच रुमीची का, हे विचारायचं नाही!) याला म्हणे 'सूफी एकांत'. मंडळी, हे प्रकरण माझ्या प्रचंड डोक्यात जातं.

फारसी काव्यातला एकांत म्हणजे 'खलवत'. चाळीस दिवस कोठडीत बसायचं, तो 'चिल्ला'. रुमीकडे (१२०७-१२७३) ती विहिरीचा तळ होते, कुठे खजिना पुरलेलं भग्न घर होते. ताजंतवानं होऊन सोमवारी लॉगिन करायची सोय यातल्या एकाही जागी नाही! तिथे 'मी' संपवायचा असतो. हाफिज तर एकांताचा तोरा मिरवणाऱ्या विरक्तांचीच टर उडवतो, त्यापेक्षा मद्यशाळा बरी म्हणतो. आणि नक्शबंदी सूफींचं सूत्रच 'खलवत दर अंजुमन', म्हणजे भर मैफलीत एकांत. त्याला रिसॉर्ट कशाला लागतं?

गंमत म्हणजे हाच शब्द मराठीत येऊन 'खलबत' झाला, म्हणजे गुप्त मसलत! आपल्याकडे एकांताची खूण वेगळी: ज्ञानेश्वरांनी लावून घेतलेली ताटी. पण परंपरेला आठवते ती ताटीबाहेर उभी राहून 'उघडा' म्हणणारी मुक्ताबाई. तुकोबाही भंडारा डोंगरावर बसले, पण कीर्तनाला गावातच आले.

आमच्या राळेगावकडे रात्रीची लाईट असली की माणूस एकटा ओलिताला जातो. २०१८ साली 'अवनी' वाघिणीच्या दहशतीत शेतात जाणं म्हणजे काय होतं, ते तिकडच्यांना विचारा. (२ नोव्हेंबरला ती बोराटीच्या जंगलात मारली गेली.) त्या एकांताचं पॅकेज कुणी काढलं नाही.

मित्र म्हणतो, "अरे, पण लोक थकतात रे, त्यांना विश्रांती नको?" हवीच की! मग तिला सुट्टी म्हणा. माणसाला थकवतो शनिवारी रात्री अकराला येणारा प्रॉडक्शनचा फोन. कंपनी तो बंद करत नाही, रिट्रीटचं अर्धं बिल मात्र आनंदाने भरते. आपणही रुमीचं नाव घेऊन गुपचूप जातो, कारण मॅनेजरला "शनिवारी फोन करू नका" असं लेखी कळवण्यापेक्षा ते सोपं आहे. आमच्या टीममध्ये आजवर एकानेही तसा मेल केलेला नाही. मी या सोमवारी करतोय, सह्या करणारे कळवा!