सोडतीची भाषा

अमेरिकेच्या ‘एच-१बी’ या नोकरी-व्हिसाची नोंदणी मार्चमध्ये होते आणि महिनाअखेरीस सोडत निघते. ते दिवस खानापूर तालुक्यातील अनेक घरांत घालमेलीचे असतात. नंदगड, जांबोटी, लोंढा या भागांतील मुले बेळगावात अभियांत्रिकी शिकतात, पुण्या-बंगळूरला नोकरी धरतात आणि त्यांपैकी काहींची दृष्टी पुढे अमेरिकेकडे लागते. लोंढ्याच्या रेल्वेने आणि चोर्ल्याच्या घाटाने गोमंतकाशी जोडलेल्या या मुलखाची चिंता आम्हांस परकी वाटत नाही. फोंडा-म्हापशाच्या घरांतही तीच चिंता आहे.

या चिंतेत निम्मा वाटा शब्दांच्या गैरसमजाचा असतो. नोंदणीपुढे ‘सबमिटेड’ म्हणजे ‘सादर’ एवढाच शेरा कायम राहिला की घरी सुतकी कळा येते आणि ‘सिलेक्टेड’ दिसले की पेढे वाटले जातात. दोन्ही गोष्टी घाईच्या होत. ‘सादर’ याचा अर्थ चिठ्ठी अद्याप पेटीत आहे, इतकाच. २०२०, २०२१, २०२३ आणि २०२४ या वर्षी पहिल्या फेरीनंतर पुन्हा चिठ्ठ्या काढण्यात आल्या. २०२२ व २०२५ मध्ये तसे झाले नाही. त्या वर्षाची मर्यादा भरल्याचे सरकारने जाहीर केले म्हणजे शेरा ‘नॉट सिलेक्टेड’ असा बदलतो. खरा नकार तो. ‘डिनाइड’ हा शेरा मात्र वेगळा आहे. एकाच कंपनीने एकाच उमेदवाराची दोनदा नोंद केल्यास तो पडतो. शुल्काचा भरणा फसल्यास नोंद रद्द ठरते.

आता ‘निवड’ या शब्दाकडे वळू. वर्षाला मिळू शकणाऱ्या जागा ८५ हजार. पैकी २० हजार अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधरांसाठी राखीव. २०२५ च्या हंगामात सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदींतून सुमारे १ लाख २० हजार निवडल्या गेल्या. जागांहून अधिक नोंदी निवडतात, कारण प्रत्येक निवडीमागून अर्ज येतोच असे नाही आणि आलेला प्रत्येक अर्ज मंजूर होतो असेही नाही. सबब, निवड म्हणजे अर्ज करण्याची मुभा. त्यासाठी किमान ९० दिवसांची मुदत मिळते. अर्ज कंपनीने करावयाचा, सरकारने तो तपासावयाचा, अधिक पुरावा मागितल्यास तो मुदतीत पुरवावयाचा आणि मंजुरीनंतर वकिलातीत मुलाखत द्यावयाची. पुरावा मागितला म्हणून अर्ज बुडाला असे नव्हे. एवढेच काय, मुलाखतीनंतर कागदपत्रे अपुरी असली किंवा अधिक तपासणी बाकी असली तरी वकिलातीच्या संकेतस्थळावर ‘रिफ्यूज्ड’ असा शेरा दिसतो. तपासणी पुरी झाल्यावर त्याच प्रकरणात व्हिसा मिळाल्याची उदाहरणे आहेत.

या अर्थांतरात दलालांचे फावते. नोंदणीचे खाते कंपनीच्या अथवा तिच्या वकिलाच्या हाती असते. उमेदवाराला ते उघडून पाहता येत नाही. ‘तुमच्या मुलाची निवड झाली, पुढच्या खर्चाचे पाहा’ असे सांगणाऱ्याला मग बापाने कोणत्या आधारावर खोटे ठरवावे? आधार आहे. निवडीची छापील सूचना मागावी. अर्ज दाखल झाल्यावर तीन रोमन अक्षरे व दहा अंक असलेला पावती क्रमांक मिळतो. तो घेऊन सरकारी संकेतस्थळावर स्थिती कोणालाही पाहता येते. या दोहोंपैकी काहीच जो दाखवीत नाही, त्याला पैसाही देऊ नये. अनेक नावांनी नोंदी करून नशीब वाढवून देण्याचा धंदाही आता चालण्यासारखा नाही. २०२४ पासून निवड उमेदवारागणिक होते. पारपत्र एक, संधी एक. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने अधिक वेतनश्रेणीच्या नोकरीस सोडतीत अधिक वजन दिले. सप्टेंबर २०२५ च्या घोषणापत्राने तर अमेरिकेबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा लादला. वाट अशी अरुंद होत असता केवळ ‘निवड’ या एका शब्दावर जमीन गहाण टाकणे किंवा हातची नोकरी सोडणे हा आततायीपणा होय.

प्रलंबित आणि निकाली यांतील अंतर सीमाभागाला कोणी शिकवावे असे नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सुरू झालेला त्यांचा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे. दाखल झालेला कागद म्हणजे हाती पडलेला निकाल नव्हे, हे या लोकांनी दोन पिढ्या अनुभवले आहे. तोच शहाणपणा घरातील मुलाच्या अर्जाबाबत वापरावयाचा आहे.

बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि तालुक्यातील वाचनालयांनी दर फेब्रुवारीत या शेऱ्यांचे मराठीत अर्थ सांगणारे एक पत्रक काढले, तर खर्च नाममात्र येईल आणि अनेक घरांचे कर्ज टळेल. अमेरिकेने किती जणांना घ्यावे, हे आपल्या हाती नाही. तिने काय कळविले, ते नीट वाचणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.