डायलिसिसवरील लोह : किती आणि कुठवर?

अमेरिकेत डायलिसिसच्या रुग्णांना शिरेवाटे लोह देणे ही नित्याची बाब आहे. प्रत्येक खेपेस थोडे रक्त यंत्राच्या नळ्यांत राहून जाते आणि मूत्रपिंडविकारात वाढणारे हेप्सिडिन हे संप्रेरक गोळ्यांतील लोह पुरेसे शोषू देत नाही. उपचार अटळ असल्यामुळेच त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर ठरतो.

एक जोखीम तत्काळ दिसते. 2009 मध्ये मान्यता मिळालेल्या ‘फेराहीम’ या औषधाबाबत अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने मार्च 2015 मध्ये सर्वांत कडक, चौकटीतील इशारा दिला. तीव्र ॲलर्जीच्या 79 घटनांची नोंद झाली होती आणि त्यांत 18 रुग्ण दगावले होते. तेव्हापासून हे औषध पातळ करून किमान 15 मिनिटे सावकाश देणे आणि नंतर 30 मिनिटे रुग्णावर लक्ष ठेवणे बंधनकारक झाले.

दुसरी जोखीम संथ आहे. ती म्हणजे शरीरात साठत जाणारे लोह. जानेवारी 2011 पासून मेडिकेअरने डायलिसिस आणि त्यासोबतची इंजेक्शने यांसाठी एकच ठरावीक दर लागू केला. पूर्वी स्वतंत्र मोबदला मिळवून देणारे महागडे एरिथ्रोपोएटिन आता केंद्रांच्या खर्चाच्या रकान्यात गेले. जूनमध्ये औषध प्रशासनानेही पक्षाघात व हृदयविकाराच्या धोक्यामुळे त्याची मात्रा आवरण्यास सांगितले. लोह तुलनेने स्वस्त होते. त्याचा वापर वाढला आणि त्यासोबत रुग्णांच्या रक्तातील फेरिटिनही वाढले. पुराव्याच्या आधी हिशेब पुढे गेला होता.

भक्कम पुरावा 2018 च्या अखेरीस ब्रिटनमधून आला. ‘पिव्होटल’ चाचणीत 2,141 रुग्ण होते. दरमहा 400 मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज दिलेल्या गटात मृत्यू व हृदयविकाराच्या गंभीर घटना अधिक झाल्या नाहीत, उलट किंचित कमीच झाल्या. जंतुसंसर्गही वाढला नाही. मात्र फेरिटिन 700 च्या वर किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 40 टक्क्यांवर जाताच तेथे लोह थांबवले जाई. हा दिलासा त्या मर्यादेपुरताच आहे. अमेरिकी केंद्रांत ती ओलांडणारे अहवाल दुर्मीळ नाहीत.

म्हणून ज्यांचे आप्त येथे डायलिसिसवर आहेत, त्यांनी मासिक अहवालातील केवळ हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नये. फेरिटिन किती, सॅच्युरेशन किती, कोणत्या आकड्यावर लोह थांबवणार आणि जंतुसंसर्ग असताना ते देणार का, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.