तट्टाचा साज

पुतण्यानें शेतावरच्या हलक्या दुचाकी गाडीसाठीं एक तट्टू आणिलें, आणि सोबत झगमगीत साज. गोंडे, घुंगरें, पितळी चकत्या, कांहीं उणें नव्हतें. उणा होता तो पुठ्ठ्यामागचा पट्टा. विक्रेत्यानें तो अनावश्यक ठरविला. आम्हीं शालिहोत्राचें नांव घेऊन अश्वशास्त्रावर बोलणारे, पण मान डोलविली! पहिल्याच उतारावर गाडी पुढें सरून तट्टाच्या मागल्या पायांवर आदळली व तें उधळलें. गाडींत नात होती. दैवानें निभावलें.

तेव्हां साज घेतांना प्रथम हा पट्टा पाहावा. चढावर छातीचा पट्टा गाडी ओढतो, उतारावर हा ती आवरतो. छातीचा पट्टा रुंद व मऊ असावा. तो वर चढला तर श्वास कोंडतो, खालीं उतरला तर खांदा अडतो. गळ्यांतील भरींव कडें जड ओझ्यास उत्तम खरें, परंतु जनावर फुगलें वा रोडावलें कीं तें घासूं लागतें. हलक्या गाडीस पट्टाच बरा. पाठीवरची गादी कण्यावर न टेकतां दोहों बाजूंस टेकावी, कारण दांड्यांचा भार तिच्यावर येतो.

नायलॉन स्वस्त, धुण्यास सोपें. परंतु त्याच्या कडा काचतात, आणि जनावर अडकून पडल्यास तें सहसा तुटत नाहीं. आमचा कल चामड्याकडे. मात्र घाम पुसून वेळोवेळीं तेल न दिल्यास तें भेगाळतें. हें काम घरांत कोण करणार, तें किंमत विचारण्यापूर्वीं ठरवावें.

पुतण्यानें आतां नवा पट्टा आणिला आहे. नात मात्र अद्याप गाडींत बसत नाहीं.