सारे गाव वारस

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तेथे जखमी सैनिकांची सेवा करीत असतानाच १९४२ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांना मृत्यू आला. सोलापुरात त्यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे, हे स्वाभाविकच होय. नवल वाटते ते त्यांच्या समाधीचे. ती चीनमधील शिजियाझुआंग नगरात आहे. पूर्वजांच्या समाध्या झाडून स्वच्छ करण्याचा छिंगमिंग नावाचा सण तेथे पाळतात. त्या वेळी लोक या परदेशी डॉक्टरांच्या समाधीवरही फुले वाहतात.

आपल्याकडील कित्येक जुन्या समाध्या, थडगी व वीरगळ मात्र काटेरी झुडपांत दडलेले असतात. त्यांची काळजी सरकारने घ्यावी, असे पुष्कळांना वाटते. सरकार महत्त्वाच्या वास्तूंचे रक्षण करते. परंतु प्रत्येक शिळेपाशी पहारेकरी कोठून आणणार? झुडपे काढणे, केरकचरा हलविणे, दगड न खरवडता पुसट अक्षरे वहीत उतरवून घेणे, ही कामे गावकऱ्यांनीच करावयाची आहेत. वडीलधाऱ्यांच्या संमतीने मुलांनाही त्यांत हात लावता येईल.

मृत मनुष्य कोणत्या जातीचा वा धर्माचा, हे तेथे पाहू नये. ज्याचे वारस उरले नाहीत, त्याचे वारस सारे गाव होय.