तोंड आलं, मुँह आया

मराठीत ‘तोंड आलं’ म्हणतात आणि आमच्या घरच्या दख्खनीत ‘मुँह आया’. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणून असा जोड सापडला की एरवी मला आनंद होतो. वर्गात फळ्यावर लिहून दाखवतो. पण गेल्या वर्षी याच दोन शब्दांनी आमच्या घराची फसगत केली, आणि फसणाऱ्यांत मीच पुढे होतो.

माझी थोरली खाला वीस-पंचवीस वर्षं मशेरी लावायची. दात दुखतो म्हणून लग्नानंतर सासूने लावायला शिकवली, मग सुटली नाही. गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं आणि त्यानंतर रेडिएशनचे तीस दिवस ठरले, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. खाला त्याला ‘लाईट’ म्हणायची. रुग्णालयाच्या बाकांवर बसलेले बहुतेक लोक तसंच म्हणतात. काही जण ‘शेक’ म्हणतात.

तिसऱ्या आठवड्यात खालाने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, “मुँह आया मेरा.” झालं. तोंड येणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जागरण, तिखट, पोट साफ नसणं, थोडक्यात ‘उष्णता’. त्यात ‘शेक’ म्हटलं की उष्णताच आली, मग ती उतरवायची. दोन दिवसांत घरातली फळी भरली. मुमानीने कलौंजीचं तेल आणलं. शेजारच्या काकूंनी जाईचा पाला आणि त्रिफळ्याचं चूर्ण दिलं. कुणी कात लावला, कुणी तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. सब्जा आणि गुलकंद घरात होताच. मी मधाची बाटली घेऊन गेलो. सूरह नहलमध्ये मधाचा उल्लेख शिफा म्हणून येतो, हे मला त्या दिवशी फार आठवत होतं.

तुरटीच्या पहिल्याच गुळणीला खाला कळवळली. सोललेल्या जागेवर तुरटी लागल्यावर दुसरं काय होणार? तरी आम्ही थांबलो नाही. मग ओळखीतल्या एका गृहस्थांनी पुडी आणली आणि सांगितलं, आठ दिवस लाईट बंद ठेवा, तोंड आपोआप बरं होईल. सोमवारी खाला गेली नाही. रुग्णालयातून फोन आला तेव्हा मी सांगितलं, घरात लग्न आहे. बीएड झालेला माणूस, वर्गात मुलांना खोटं बोलू नका म्हणणारा. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे चार दिवस गेले. तोंड होतं तसंच राहिलं.

शुक्रवारी तिला परत नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी पहिलं वाक्य रागाचं काढलं असतं तर मी पुन्हा खोटं बोललो असतो. त्यांनी विचारलं, “तोंडात काय काय लावता? सगळं सांगा, मला उपयोग होईल.” मी कागदावर यादी लिहून दिली. त्यांनी पेन घेतलं आणि एकेका नावापुढे खूण केली.

तेव्हा कळलं ते असं. तोंडाच्या आतलं अस्तर सतत झिजतं आणि साधारण एक-दोन आठवड्यांत नवं तयार होतं. रेडिएशन कर्करोगाच्या पेशींवर जातं, तसं या भराभर वाढणाऱ्या पेशींवरही जातं. जुना थर झिजतो आणि खालून नवा येत नाही. म्हणून जखम पहिल्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उघडी पडते. त्याचा पोटाशी किंवा तिखटाशी संबंध नाही, आणि सब्जाने ती उतरत नाही. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी बहुतेकांची भरून येते. मधे खंड पडला तर मात्र उरलेल्या कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो. आमच्या चार दिवसांचा अर्थ हा होता.

यादीतली तुरटी आणि कात खोडले गेले. पाला आणि चूर्णही, कारण कोरडे कण सोललेल्या जागेत रुततात. पुडी तर त्यांनी नुसती बाजूला ठेवली, आत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. कलौंजीचं तेल आता नको म्हणाल्या. मधापुढे त्यांनी लिहिलं, ‘शुगर तपासून’.

या दोन शब्दांवर मी नंतर बरंच वाचलं. 2003 मध्ये मलेशियातल्या 40 रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. रेडिएशनच्या आधी, नंतर आणि सहा तासांनी 20 मिली मध सावकाश तोंडात फिरवून गिळायचा. तोंडाचा तीव्र त्रास मध घेणाऱ्यांत कमी दिसला. उलट 2012 च्या इंग्लंडमधल्या अभ्यासात मानुका नावाचा महागडा मध साखरेच्या पाकापेक्षा सरस ठरला नाही. तरीही 2020 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत डोकं-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंडाचा त्रास टाळण्यासाठी मध सुचवला आहे आणि दात किडण्याच्या धोक्याची आठवणही दिली आहे. रेडिएशनने लाळ आटते, आणि लाळ नसलेल्या तोंडात मध म्हणजे दातांवर साखरच. खालाला मधुमेह आहे. म्हणजे जी वस्तू मी सर्वात जास्त श्रद्धेने नेली, तीच तिच्यासाठी तपासून घ्यायला हवी होती.

मला राग दोन्हीकडच्या लोकांचा येतो. ‘झाडपाला आहे, नुकसान काय होणार’ म्हणणाऱ्यांचा, आणि ‘हे सगळं अडाणीपण’ म्हणून झटकणाऱ्यांचाही. झटकलं की माणसं औषध बंद करत नाहीत, सांगणं बंद करतात. आपल्या वस्त्यांत हे जास्त घडतं. हकीमसाहेबांचं नाव डॉक्टरसमोर काढायची लाज वाटते आणि डॉक्टरांची शंका हकीमसाहेबांसमोर. पेशंट मधे अडकतो.

खालाला खरा आराम पडला तो अगदी साध्या गोष्टीने. एक लिटर कोमट पाणी, त्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा (धुण्याचा नव्हे, आमच्याकडे एकाने तो आणला होता), दर दोन-तीन तासांनी हळू खळखळून थुंकायचं. सोबत मऊ ब्रश, जेवणाआधी तोंड बधिर करणारी जेल आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनेचं औषध. जिभेवर पांढरे डाग आले तेव्हा ती बुरशी निघाली. तिला वेगळं औषध लागलं. घरी आम्ही त्यालाही ‘मुँह आया’च म्हटलं असतं.

मधेच रमजान आला. खालाला काळजी, दर दोन तासांनी गुळणी केली तर रोजाचं काय? आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआनमध्येच आहे हे तिला मी नाही, मशिदीतल्या मौलानांनी सांगितलं, तेव्हा तिने मानलं. तीच खाला सर्वात वाईट दिवसांत मला हळूच म्हणाली होती, “थोडीसी मशेरी ला दे, सुन्न हो जाता.” ज्या वस्तूने हे दिवस आणले, तीच तिला औषध वाटत होती, कारण तीस वर्षांपूर्वी ती औषध म्हणूनच घरात आली होती. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. आमच्या शाळेच्या भिंतीबाहेर मी रोज रिकाम्या पुड्या बघतो.

चुकलेले चार दिवस डॉक्टरांनी नवं वेळापत्रक आखून भरून काढायचा प्रयत्न केला. किती भरून निघाले ते पुढच्या तपासण्या सांगतील. खाला आता वरणात कुस्करलेली भाकरी खाते.

गेल्या महिन्यात गल्लीतली एक मुलगी आली. तिच्या अब्बूंची लाईट सुरू झालीय, तोंड आलंय, काय लावू? मी तिला म्हटलं, आधी फळीवर जे जे आहे त्याचा फोटो काढ. उद्या तो डॉक्टरांना दाखव, लाईट चुकवू नकोस, आणि मी विचारायला सांगितलं म्हण.